यंत्राला वाचता येणारी यादी

आपल्या पुंडलिकनगरापासून पैठण सुमारे ५० किलोमीटर. तेथील हातमागाची पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल आज संगणकाच्या पडद्यावर शेजारीशेजारी दिसतात. गूगलसारखे शोधयंत्र पदर चाचपून पाहत नाही. लिहिलेले तेवढे वाचते. मग गिऱ्हाइकाच्या नजरेस कोण पडणार? पुष्कळ अंशी, ज्याची यादी नीट, तोच.

या यादीलाच 'डेटा फीड' म्हणतात. दुकानाच्या वहीप्रमाणे तीत प्रत्येक नगाची एक ओळ असते: नाव, वर्णन, किंमत, छायाचित्र, संकेतस्थळावरील पानाचा पत्ता, माल शिल्लक आहे की नाही. शोधयंत्र ती वेळोवेळी वाचते. यादीत एक किंमत आणि पानावर दुसरी आढळली, तर नोंद नाकारली जाते. २०११ साली गूगल, बिंग व याहू यांनी 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही सामाईक शब्दावली काढली. तिच्यामुळे पानावरचा आकडा किंमतीचा की लांबीचा, हे यंत्राला कळते.

यादी दिली की पहिला क्रमांक मिळतोच, असे मात्र नाही. पण न लिहिलेले शोधणार तरी कसे? 'हातमाग', 'रेशीम', 'पैठण' हे शब्द स्पष्ट हवेत. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या नावाने शोधणारेही आहेत, म्हणून वर्णनात दोन्ही नावे असावीत.

संघटनेत आम्ही कामगाराला पगारपत्रक वाचायला शिकवतो. विणकरानेही आपली यादी स्वतः लिहावी. ती दुसऱ्याने लिहिली, तर माल आपला आणि नाव त्याचे, असेच व्हायचे.