वर्ध्याच्या हवेत बेस गिटार

बेस गिटारला बहुधा चार तारा असतात: ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या चार जाड तारांचेच हे स्वर, फक्त एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. छोट्या स्पीकरला ती पेलत नाही. आवाज वाढवत नेला तर स्पीकर फाटतो. घरच्या सरावाला चांगला हेडफोन बरा.

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, पावसाळ्यात हवा दमट होते. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून नेक (वाद्याची मान) मागे झुकते आणि तारा फ्रेटला घासून खरखरतात. पावसाळ्यात नेक पुढे वाकते, तारा उंच होतात, बोटे लवकर थकतात. अशा वेळी ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारा आतला दांडा, एकदम पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. तारा पुन्हा सुरात लावून मगच पुढचा पाव फेरा द्यावा. वाद्य उन्हातल्या बंद गाडीत कधीच ठेवू नये.

वाजवताना नको त्या तारा बोटे हलकेच टेकवून गप्प ठेवाव्यात, नाहीतर सगळा गोंगाट होतो. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात उभे राहायचे असेल, तर आधी ड्रमवाल्याची सम धरायला शिका. मोजके स्वर, पण नेमक्या मात्रेवर: गाणे त्यावरच उभे राहते.