न प्यालेले पाणी
त्रिदोषांची ओळख : लेखांक सातवा

गेल्या लेखांकात प्रकृती कशी ओळखतात ते पाहिले. ते वाचल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो असा : माझी प्रकृती वाताची निघाली, तर आता मी घेऊ काय? तूप किती, तिळाचे तेल कधी, चूर्ण कोणते? प्रश्न चुकीचा नाही, पण घाईचा आहे. वाग्भटांनी 'अष्टांगहृदया'चे सूत्रस्थान कसे रचले आहे ते पाहिले की ही घाई लक्षात येते. दुसरा अध्याय दिनचर्येचा, तिसरा ऋतुचर्येचा. पाणी, दूध, ताक यांचे गुण पाचव्या अध्यायात येतात आणि तांदूळ, मूग, भाज्या यांची पाळी सहाव्यात लागते. मधल्या चौथ्या अध्यायाचे नाव आहे 'रोगानुत्पादनीय', म्हणजे रोग उत्पन्नच होऊ नयेत म्हणून काय करावे ते सांगणारा. त्याची सुरुवातच शरीराने दिलेली हाक दाबू नका, या सांगण्याने होते. चरकसंहितेने तर याच विषयाला सूत्रस्थानाचा सातवा अध्याय देऊन त्याचे नावच 'नवेगान्धारणीय' ठेवले आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहून रोज मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसाच्या त्रिदोषांचा विचार करायचा, तर तो चौथ्या अध्यायापासून करावा असे मला ठामपणे वाटते. इथल्या लोकांचा वात ताटात काय पडते यापेक्षा दिवसभरात काय दाबून ठेवावे लागते यामुळे जास्त बिघडतो, असे माझे म्हणणे आहे.

आधी शब्दांचा अर्थ नीट लावून घेऊ. इंग्रजी पुस्तकांमुळे वात, पित्त, कफ यांना शरीरातल्या 'ऊर्जा' म्हणण्याची पद्धत पडली आहे. मूळ शब्द 'दोष' आहे आणि तो दूषित होणे, दूषित करणे या अर्थाच्या धातूवरून आला आहे. नेमून दिलेले काम नेमल्या जागी, नेमल्या दिशेने चालू आहे तोवर दोष शरीराला धरून ठेवतात. त्यांची वाट अडली की तेच शरीर बिघडवतात. वाताच्या बाबतीत दिशेला फार महत्त्व आहे. त्याचे पाच प्रकार मानले आहेत आणि त्यांपैकी अपान वायूचा संचार ओटीपोट, मूत्राशय, कंबर, मांड्या या भागात सांगितला आहे. लघवी, शौच, मासिक पाळी, शुक्र आणि गर्भ बाहेर टाकणे ही सगळी खाली ढकलण्याची कामे त्याच्याकडे. 'वेग' हा शब्द आपण रोज गाडीच्या संदर्भात वापरतो. आयुर्वेदात वेग म्हणजे शरीराची आतून येणारी हाक. वाग्भटांनी असे तेरा वेग मोजले आहेत : अधोवायू, शौच, लघवी, शिंक, तहान, भूक, झोप, खोकला, श्रमाने लागलेली धाप, जांभई, अश्रू, उलटी आणि शुक्र. चरकांची यादी थोडी वेगळी आहे, संख्या मात्र तीच.

आता ही यादी हातात धरून डोंबिवली स्टेशनवरची सकाळ पाहू. बाई पाचला उठलेली असते, म्हणजे झोपेचा वेग पहिल्यांदा मोडला. डबे भरून होईपर्यंत शौचाची हाक आलेली नसते, किंवा आलेली असते तेव्हा घड्याळ पुढे गेलेले असते. 'ऑफिसात जाऊन बघू' म्हणून ती हाक परत पाठवली जाते. चहा अर्धाच घेतला जातो, कारण चहाने लघवी लागते. रिक्षातून उतरून पुलाच्या पायऱ्या धावत चढल्या की धाप लागते, पण खाली गाडी शिरत असते आणि दम खायला उभे राहिले तर ती जाते; हा श्रमश्वासाचा वेग. डब्यात शिरल्यावर दोन्ही हात वर, कडीला. पिशवीत लिटरभराची बाटली असते. एक घोट घेतला जातो, घसा ओला होण्यापुरता, आणि झाकण पुन्हा घट्ट लावले जाते. सीएसएमटी अठ्ठेचाळीस किलोमीटर दूर असते, फास्ट गाडीलाही तासाच्या वर लागतो आणि लोकलला शौचालय नसते. कसारा लोकलचा प्रवास तर दोन तासांहून अधिक; तिलाही नसते. म्हणजे कार्यालयाच्या दारात पाऊल पडण्याआधी तेरांपैकी निदान चार वेग अडवलेले असतात, आणि त्यांतली तहान तर दुसरी हाक येऊच नये म्हणून मुद्दाम अडवलेली असते. पुरुषांचे हाल याहून कमी, पण वेगळे नाहीत. भूक, झोप, शौच यांच्या बाबतीत दोघे एकाच डब्यात आहेत.

याने खरोखर काही बिघडते का? वाग्भट लघवी अडवण्याचे परिणाम सांगताना अंग मोडून येणे, मुतखडा आणि मूत्राशय व जांघेतल्या वेदना यांची नावे घेतात. शौच अडवण्याबद्दल सांगताना पोटऱ्यांत गोळे येणे, डोकेदुखी, वायू उलटा वर चढणे असे लिहितात. ग्रंथात आहे म्हणून खरे, एवढ्यावर थांबण्याची गरज नाही, कारण यातल्या काही गोष्टी आता तपासल्या गेल्या आहेत. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात १२ निरोगी तरुणांनी आठवडाभर शौचाची भावना मुद्दाम रोखली. त्यांच्या मोठ्या आतड्यातून मळ पुढे सरकण्याचा काळ लांबला, आणि तो केवळ गुदाजवळ लांबला नाही, उजव्या बाजूच्या सुरुवातीच्या भागातही लांबला. दाराशी केलेल्या अडवणुकीने आतपर्यंतची चाल मंदावली. वायूची वाट खाली अडली की तो वर उलटतो, या कल्पनेला इतका जवळचा पडताळा दुसरा मला माहीत नाही. लघवीबद्दल २०१८ साली एक नीट आखलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. न प्यायलेल्यांना ३.२ वेळा. प्रयोगाला बाटलीबंद पाणी विकणाऱ्या दानोन कंपनीचे अर्थसाह्य होते हे नोंदवले पाहिजे, पण फरक असा आहे की तो झटकून टाकता येत नाही. मुतखड्याचे तसेच. इटलीत पहिला खडा होऊन गेलेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवले. भरपूर पाणी पिणाऱ्या ९९ जणांत १२ जणांना खडा पुन्हा झाला, इतर १०० जणांत २७ जणांना.

इथे चोखंदळ वाचक मला थांबवेल. हे प्रयोग पाण्याचे आणि आतड्याचे आहेत. त्यांत वात कुठे आला? आक्षेप रास्त आहे. यांतल्या एकाही प्रयोगाने वात नावाची वस्तू मोजलेली नाही, आणि मुतखड्याच्या प्रयोगात तर मुद्दा कमी पाण्याचा आहे, लघवी रोखून धरण्याचा नव्हे. तेव्हा 'विज्ञानाने त्रिदोष सिद्ध केले' असे म्हणणे खोटे ठरेल, आणि असे म्हणणारे आयुर्वेदाचे नुकसानच करतात. सगळे रोग वेग अडवण्यातून किंवा जबरीने आणण्यातून होतात, हे वाग्भटांचे विधानही अक्षरशः घेण्यासारखे नाही. मलेरिया त्यातून होत नाही. मग वाताची भाषा ठेवायची कशाला? ती वेगवेगळ्या तक्रारी एका ठिकाणी आणून दाखवते म्हणून. बद्धकोष्ठ असलेली व्यक्ती एका डॉक्टरकडे जाते, लघवीच्या जळजळीसाठी दुसऱ्याकडे, पाळीच्या त्रासासाठी तिसऱ्याकडे. अपानाची कल्पना वैद्याला विचारायला लावते, की या तिन्ही गोष्टींच्या मागे दिवसाचा एकच क्रम आहे का? मूत्राशय, गुद आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांचे नियंत्रण मणक्याच्या खालच्या टोकाकडील त्रिकास्थीतल्या दुसऱ्या ते चौथ्या मज्जातंतूंकडे आहे, आणि लहान मुलांत बद्धकोष्ठ व लघवीच्या तक्रारी बरोबरीने दिसतात हे बालरोगतज्ज्ञ रोज पाहतात. प्राचीनांनी शरीर उघडून मज्जातंतू मोजले होते असा याचा अर्थ नाही. त्यांनी माणसे नीट पाहिली होती.

दुसरा आक्षेप प्लॅटफॉर्मवरच ऐकू येतो : 'सवय होते हो.' होतेच. आयुर्वेदात तिला सात्म्य म्हणतात आणि अपायकारक गोष्टही सवयीने अंगवळणी पडते हे त्या शास्त्राला मान्य आहे. पण हाक ऐकू येईनाशी होणे आणि हाकेची गरज संपणे यांत फरक आहे. रोज परत पाठवलेल्या शौचाची भावना हळूहळू बोथट होते. मळ आत राहतो, त्यातले पाणी शोषले जाते, तो कोरडा होतो आणि मग कुंथावे लागते. कोरडेपणा हा तर वाताचा पहिला गुण. रात्रीचे चमचाभर चूर्ण इथेच आयुष्यात शिरते आणि वर्षानुवर्षे राहते. सकाळची वाट अडवून रात्री औषधाने ती मोकळी करायची, हा जबरीने वेग आणण्याचा प्रकार झाला, आणि वाग्भटांनी तो अडवण्याइतकाच वाईट ठरवला आहे. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' असे म्हणून घेतलेल्या चूर्णाबद्दल मला खरी काळजी वाटते, कारण त्यामुळे मूळ प्रश्न दिसेनासा होतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गाडी सोडली तर लेटमार्क, पाणी प्यायले तर तास-दीड तासाची यातना. अशा बाईला वेग अडवू नको म्हणून सांगणे म्हणजे तिच्यावरच दोष ढकलणे नव्हे का? तसे सांगितले तर नक्कीच ढकलणे आहे. पण आयुर्वेद एका माणसाच्या पथ्यापाशी थांबत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोध्वंसाचा, म्हणजे प्रदेशच्या प्रदेश उजाड होण्याचा, अध्याय आहे. तिथे शिष्य अग्निवेशाला नेमका हाच प्रश्न पडला आहे : प्रकृती, आहार, वय वेगवेगळे असलेली माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का पडतात? उत्तर असे, की वायू, पाणी, देश आणि काल या चार गोष्टी सगळ्यांच्या सामाईक असतात आणि त्या बिघडल्या की प्रकृतीचा भेद उरत नाही. त्यांच्याही मुळाशी अधर्म सांगितला आहे, आणि त्याची सुरुवात देश, नगर, गाव चालवणाऱ्यांपासून होते असे म्हटले आहे. तो अध्याय साथींविषयी आहे हे खरे, पण त्याची विचारपद्धत आपल्याला लागू पडते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले आणि या गावांचा काल तेव्हापासून रेल्वेच्या घड्याळाला बांधला गेला. वातप्रकृतीची आणि कफप्रकृतीची बाई एकाच फास्टमध्ये तितकीच तहान दाबून उभी असते. म्हणून स्टेशनातले वाहत्या पाण्याचे, कडी लागणारे, दिवा असलेले शौचालय हा त्रिदोषांच्या चर्चेतला विषय आहे, निव्वळ नागरी सोयीचा नव्हे. २०११ पासून मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी चालवलेल्या 'राइट टू पी' मोहिमेने हेच मागितले होते : पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे बंद करा, आणि शौचालये वापरण्याजोगी ठेवा. स्वस्थवृत्त, म्हणजे निरोगी राहण्याचे शास्त्र, शिकवणाऱ्या प्रत्येक वैद्याने ही मागणी आपली मानायला हवी होती.

ते होईपर्यंत घरी काय करता येईल? अहितकर सवय एकदम न तोडता थोड्या थोड्या अंशाने सोडावी असे ग्रंथ सांगतात, आणि तोच मार्ग इथे उपयोगी आहे. उठल्यावर लगेच पेलाभर पाणी आणि गाडीच्या तास-दीड तास आधी आणखी थोडे, म्हणजे त्याची हाक घरातच येईल. शौचासाठी उठण्याची वेळ दहा मिनिटांनी अलीकडे आणावी. पण ती दहा मिनिटे झोपेतून कापायची नाहीत, रात्रीच्या मोबाइलमधून कापायची. सकाळी काहीतरी कोमट पोटात गेल्यावर मोठे आतडे हलते, तेव्हा हाक आपण येईल. बसून कुंथू नये. धावत जिना चढून गाडी मिळालीच, तर पहिली काही मिनिटे बोलणे टाळून श्वास आपसूक बसू द्यावा, कारण श्रमश्वास अडवला तर त्यावर वाग्भटांचा मुख्य उपाय विश्रांती हाच आहे. कार्यालयात पोचल्यावर आधी शौचालय, मग हजेरीनंतर पाणी, आणि दुपारपर्यंत बाटली अर्धी. परतीच्या प्रवासाआधीही हाच क्रम. लघवीला जळजळ, रक्त, कंबरेत दुखून ताप, किंवा शौचाची सवय अचानक बदलणे, यांपैकी काही दिसले तर मात्र वात म्हणून घरी तेल-तूप करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्यावी.

प्रकृतीची प्रश्नावली भरण्याआधी आठवडाभर एक नोंद ठेवून पाहावी. रात्री डबा घासायला काढताना पिशवीतली बाटलीही बाहेर काढायची, आणि ओतून देण्याआधी तिच्यात सकाळचे पाणी किती उरले आहे ते कॅलेंडरवर लिहायचे.