शिशाची गोळी आणि नेमाचे गणित

अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, ही कथा आम्ही शिक्षक मंडळी वर्गात नेहमी सांगतो. पण त्याच्या बाणाचा दांडा किती सरळ होता, हे कोणी विचारीत नाही. नेम डोळ्याइतकाच अस्त्राच्या घडणीवरही अवलंबून असतो. बेळगावात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आमच्या उचगाव परिसराला बंदूक परकी नाही. गोळीचे शास्त्र मात्र फारसे कोणी जाणत नाही.

१८७१ साली ब्रिटिश सैन्यात आलेली मार्टिनी-हेन्री रायफल पाहा. तिच्या नळीत पीळदार खाचा असतात. गोळी त्यांत रुतून फिरत बाहेर पडली, म्हणजे भोवऱ्यासारखी स्थिर राहते. शुद्ध शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, ओतावयास सोपे. परंतु ते मऊ असते. म्हणून बारा भाग शिशात एक भाग कथील मिसळीत. गोळीमागे मेणाची चकती असे. तिच्यामुळे काळ्या दारूची काजळी नळीत घट्ट बसत नसे. गोळी सैल असली की वायू बाजूने निसटतो आणि शिसे नळीला चिकटते. ओतताना आत एखादा बुडबुडा राहिला, तरी भाराचा मध्य ढळून गोळी डुलू लागते. म्हणूनच परदेशांतील जुन्या रायफलींचे शौकीन आजही एकेक गोळी तराजूत तोलतात.

५० मीटरच्या स्पर्धेतही गोळी शिशाचीच असते. वजन सुमारे २.६ ग्रॅम. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर रुंद! एकाच कारखान्याच्या दोन खेपाही सारख्या वागत नाहीत. म्हणून नेमबाज रायफल पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या खेपांच्या गोळ्या झाडून पाहतात आणि जिची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील, ती खेप निवडतात.

हे गणित निपाणीपलीकडच्या कोल्हापूर जिल्ह्याने चांगलेच साधले आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. त्यांचे वडील शिक्षक. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढले होते. आम्हां शिक्षकांना याचे मोल अधिक वाटते.

एक गोष्ट मात्र वडीलधाऱ्यांनी ध्यानी ठेवावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून काडतुसे बनविणे गुन्हा आहे. आजोबांच्या जुन्या बंदुकीत घरी दारू भरून पाहण्याची हौस तर जिवावर बेतते. गंजलेली नळी फुटते, तेव्हा ती धरणाऱ्याचाच हात नेते. घरात शिसे वितळविणेही नको. त्याची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. मुलामुलींना नेमबाजीची आवड असेल, तर त्यांना एअर रायफलीपासून, मान्यताप्राप्त रेंजवर, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकू द्यावे.