सोसायटींतील घर आणि घरमालकाचे हक्क

मुंबई-पुण्याकडे एकाद्यानें सदनिका विकत घेतली म्हणजे तो सहजच 'मीं घर घेतलें' असें म्हणतो. दस्त नोंदलेला असतो, मुद्रांकशुल्क भरलेलें असतें, बँकेचे हप्तेहि सुरू झालेले असतात. तेव्हां तो स्वतःस मालक समजतो यांत नवल नाहीं. परंतु संस्थेकडून त्याच्या हातांत जो भागदाखला पडतो, तो त्यानें एकदां लक्षपूर्वक वाचावा. अमुक क्रमांकाचे भाग अमक्याच्या नांवें आहेत, एवढेंच त्यावर मुख्यत्वें लिहिलेलें असतें. सहकारी गृहनिर्माण संस्थेंत जमीन आणि इमारत ही संस्थेची. सभासदाचे म्हणावयाचे ते भाग, आणि त्या भागांबरोबर येणारा आपल्या गाळ्यांत राहण्याचा हक्क. हा हक्क विकतां येतो, वारसांकडे जातो, त्यावर कर्जहि मिळतें; तेव्हां तो मोलाचा आहे यांत शंका नाहीं. पण बंगल्याच्या मालकीहून तो निराळा आहे.

सर्वोच्च न्यायालयानें १९८५ मध्यें पंजाबांतील एका सहकारी प्रकरणांत हा मुद्दा निःसंदिग्धपणें मांडला. मनुष्य संस्थेचा सभासद झाला कीं संस्थेपुरतें त्याचें वेगळें व्यक्तित्व उरत नाहीं. कायदा आणि पोटनियम जे हक्क देतील तेच त्याचे हक्क, असा त्या निर्णयाचा आशय आहे. हें ऐकून कोणी दचकेल. पण त्याची दुसरी बाजूहि तितकीच खरी आहे. 'माझ्या घरांत मी वाटेल तें करीन' ही भाषा जशी सोसायटींत चालत नाहीं, तशीच 'सभेनें ठरविलें, आतां मुकाट्यानें ऐका' ही भाषाहि चालत नाहीं. कारण संस्था स्वतः त्याच कायद्यानें आणि त्याच पोटनियमांनीं बांधलेली असते.

या संस्था निघाल्या त्या मुळीं घरमालकाच्या जाचांतून सुटण्यासाठीं. १९१५ सालीं मुंबईस गांवदेवी भागांत सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव ताल्मकी हे तिचे प्रवर्तक. दुसऱ्याच्या मर्जीवर भाड्याच्या खोल्यांत दिवस काढणाऱ्या मध्यम स्थितींतील कुटुंबांनीं एकत्र येऊन आपणच आपले घरमालक व्हावें, ही त्यामागील कल्पना. पुढें १९२५ सालीं मुंबई इलाख्याचा स्वतंत्र सहकारी कायदा झाला. हल्लींचा महाराष्ट्राचा कायदा १९६० सालचा असून, २०१९ सालीं त्यांत गृहनिर्माण संस्थांपुरतें एक वेगळें प्रकरण घालण्यांत आलें. कल्पना उदात्त होती आणि अजूनहि आहे. मात्र जुना घरमालक महिन्यांतून एकदां भाड्यासाठीं येई. हा नवा घरमालक समितीच्या रूपानें रोज जिन्यांत भेटतो, आणि तो शेजारीच असल्यामुळें त्याच्याशीं भांडणेंहि कठीण जातें.

समितीवर एकतर्फी दोष ठेवणें मात्र अन्यायाचें होईल. बहुतेक चिटणीस विनावेतन राबतात. पंपाचा बिघाड आणि गच्चीची गळती त्यांच्याच माथीं येते. वार्षिक सभेची गणपूर्ति एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा वीस, यांपैकीं जी संख्या कमी असेल ती. म्हणजे दोनशें घरांच्या संस्थेंतहि वीस माणसें जमलीं कीं सभा सुरू होते, आणि तेवढीं जमवितांनाहि चिटणिसास दारोदार फिरावें लागतें. सत्ता कित्येकदां कोणी हिसकावून घेत नाहीं. बाकीचे सभासद ती वाऱ्यावर सोडून देतात.

आतां या सत्तेला मर्यादा कोणती? अधिकारांची उतरंड ध्यानांत ठेवली म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. सर्वांत वर कायदा, त्याखालीं नियम, त्याखालीं संस्थेचे पोटनियम, ज्यांस हल्लीं उपविधि म्हणतात. मग सर्वसाधारण सभेचा ठराव आणि शेवटीं समितीचा ठराव. खालच्यानें वरच्यास छेद द्यावयाचा नाहीं. पोटनियम बदलावयाचा तर सभेस हजर राहून मत देणाऱ्यांची दोन-तृतीयांश मतें लागतात, आणि एवढ्यावरहि निबंधकाकडे नोंद होईपर्यंत तो बदल अमलांत येत नाहीं. सूचनाफलकावर चिकटविलेला कागद म्हणजे पोटनियम नव्हे. अविवाहितांस घर भाड्यानें देऊं नये, असे फलक पुष्कळ ठिकाणीं दिसतात. शासनाच्या आदर्श पोटनियमांत अशी मनाई कोठेंहि नाहीं.

पैशाच्या बाबतींत ही उतरंड सर्वांत उपयोगी पडते. पूर्वीं कोणी आपला गाळा भाड्यानें दिला म्हणजे संस्था त्याजकडून मनास येईल तेवढें बिनभोगवटा शुल्क घेत. १ ऑगस्ट २००१ रोजीं शासनानें आदेश काढून तें सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुरतें मर्यादित केलें. हा १० टक्क्यांचा हिशोब पालिकेचा कर वगळून करावयाचा असतो, आणि घरांत सभासदाचे जवळचे कुटुंबीयच राहत असतील तर तेंहि घ्यावयाचें नाहीं. ही मर्यादा आमच्या स्वायत्ततेवर घाला आहे, असें म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें; न्यायालयानें २००७ मध्यें शासनाचा आदेश कायम केला. मला यांत विशेष वाटतें तें असें कीं, हें शुल्क बहुमतानेंच ठरत होतें. स्वतः राहणारे बहुसंख्य, भाड्यानें देणारे थोडे. तेव्हां थोड्यांच्या खिशांतून सर्वांचा खर्च भागविण्याचा मोह बहुसंख्यांस होणारच.

घर विकतांनाहि असाच अनुभव येतो. ऑगस्ट २००१ मधील दुसऱ्या एका आदेशानें महानगरपालिकांच्या हद्दींत हस्तांतरणाच्या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरविली. कुटुंबांतल्या कुटुंबांत किंवा वारसाच्या नांवें घर होतांना अधिमूल्य घ्यावयाचें नाहीं. त्याखेरीज इमारत-निधि, रंगकाम, देणगी अशा कोणत्याहि नांवाखालीं अधिक रक्कम मागतां येत नाहीं. 'खुषीची देणगी' हा शब्द मोठा फसवा आहे. विक्रीचे कागद चिटणिसाच्या टेबलावर अडकलेले असतांना दिलेली देणगी खुषीची असते, असें कोण म्हणेल? आणखी एक गोष्ट फारशा लोकांस ठाऊक नसते: आदर्श पोटनियमांप्रमाणें हस्तांतरणासाठीं संस्थेचा ना-हरकत दाखला लागतच नाहीं. बँका तो मागतात, म्हणून तो आवश्यक आहे असा समज पसरला आहे.

थकबाकीचा प्रश्न मात्र जपून हाताळावा. समितीशीं वाद झाला म्हणजे पुष्कळ सभासद मासिक वर्गणी देणेंच बंद करतात. हें शस्त्र आपल्यावरच उलटतें. संस्थेला निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होऊं शकते. त्या दाखल्याविरुद्ध फेरतपासणी मागावयाची तर आधीं निम्मी रक्कम भरावी लागते. आणि थकबाकीदार ठरल्यास समितीच्या निवडणुकीसहि उभें राहतां येत नाहीं. म्हणून बिल चुकीचें वाटलें तरी लेखी हरकत नोंदवून पैसे भरावे आणि मग भांडावें. पण उलटपक्षीं, वसुलीचा मार्ग हाच. थकबाकीदाराचें पाणी तोडणें, उद्वाहन बंद ठेवणें, त्याच्या पाहुण्यांस फाटकाशीं अडविणें, यांपैकीं एकहि मार्ग कायद्यानें संस्थेस दिलेला नाहीं.

सभासदास काढून टाकण्याची धमकीहि अधूनमधून ऐकूं येते. ती बहुधा पोकळ असते. त्यासाठीं सर्वसाधारण सभेंत हजर सभासदांचें तीन-चतुर्थांश बहुमत लागतें, संबंधित सभासदास आपली बाजू मांडण्याची संधि द्यावी लागते, आणि निबंधकानें मान्यता दिल्यावांचून ठरावास कांहींच किंमत नसते.

येथवर बहुमताच्या मर्यादा सांगितल्या. आतां बहुमत कोठें प्रबळ ठरतें तेंहि सांगितलें पाहिजे. अहमदाबादेंतील एका पारशी संस्थेच्या पोटनियमांत सभासदत्व पारशांपुरतें राखलेलें होतें. गुजरातच्या कायद्याखालीं उद्भवलेल्या त्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं तो पोटनियम ग्राह्य धरला. बाहेरच्यास घर विकूं पाहणाऱ्या सभासदास तेथें माघार घ्यावी लागली. हा निर्णय मला स्वतःला पटत नाहीं, पण तो आहे. इमारतीच्या पुनर्विकासाची गोष्टहि तशीच. २००९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, सभेनें रीतसर बहुमतानें विकासक नेमला असेल तर विरोध करणाऱ्या अल्पसंख्य सभासदांस घर खालीं करण्यास अडवणूक करतां येणार नाहीं. शासनाच्या २०१९ च्या निर्देशांप्रमाणें यासाठीं एकूण सभासदांपैकीं ५१ टक्क्यांची संमति पुरते. चाळीस वर्षें ज्या घरांत संसार केला तें घर शेजाऱ्यांच्या मतांनीं पाडलें जाऊं शकतें. म्हणूनच त्या निर्देशांत निबंधकाच्या प्रतिनिधीची हजेरी, सभेचें चित्रीकरण, अशा अटी घातल्या आहेत. आणि ज्याला हरकत घ्यावयाची आहे त्यानें ती त्या सभेंतच घेतली पाहिजे. करार होऊन निम्मे शेजारी बाहेर पडल्यावर घेतलेली हरकत न्यायालयांत क्वचितच टिकते.

असें वेळेवर बोलावयाचें तर हातांत कागद हवेत. कायदा, पोटनियम, शेवटचा तपासलेला ताळेबंद, समितीच्या सभासदांची यादी, सर्वसाधारण सभेचीं व समितीचीं इतिवृत्तें आणि आपल्या खात्याच्या नोंदी, हें सर्व संस्थेच्या कचेरींत विनामूल्य पाहण्याचा सभासदास हक्क आहे. लेखी अर्ज करून व ठरीव फी भरून नकलाहि मिळतात. एक-पंचमांश सभासदांनीं लेखी मागणी केल्यास समितीस विशेष सभा बोलवावीच लागते.

एवढें करूनहि दाद न मिळाल्यास कोठें जावयाचें, याचा घोटाळा फार होतो. कागद दाखवीत नाहींत, सभासदत्व देत नाहींत, सभा घेत नाहींत, हिशोब तपासून घेत नाहींत, अशी तक्रार असेल तर निबंधकाकडे जावें. ठरावच बेकायदेशीर आहे, आकारणी चुकीची आहे, किंवा संस्थेनें करावयाची दुरुस्ती ती करीत नाहीं, असा वाद असेल तर तो सहकार न्यायालयाचा. अनधिकृत बांधकाम महापालिकेचें, आणि मारहाण-धमकी पोलिसांची. कोठेंहि गेलें तरी पहिला प्रश्न हाच विचारला जातो कीं, संस्थेकडे आपण लेखी तक्रार केली होती काय? यासाठीं प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती कराव्या. एक कचेरींत द्यावी आणि दुसरीवर तारखेसह पोंच घेऊन ती घरीं जपून ठेवावी. चिटणिसानें पोंच देण्यास नकार दिला तर तोच अर्ज पोच-पावतीच्या टपालानें पाठवावा.