छतावरच्या पॅनेलला अनुदान, मग बॅटरीला काय?

बारामती म्हटलं की डोळ्यांपुढं ऊस, साखर कारखाने आणि नीरेच्या कालव्याचं पाणी येतं. तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातलं लोणी भापकर त्या चित्रात बसत नाही. मल्लिकार्जुनाचं जुनं मंदिर, पुष्करणी आणि यज्ञवराहाचं शिल्प यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव पावसाच्या भरवशावर राहत आलं आहे. पाण्याच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या इथल्या आभाळानं उन्हाची काटकसर मात्र कधी केली नाही.

साहजिकच छतावर सौर पॅनेल बसवण्याची कल्पना अशा गावात चटकन पटते. पण घरातून पहिला प्रश्न येतो तो असा: ‘लाईट गेल्यावर पंखा चालंल का?’

बहुतेकांचा गैरसमज इथंच होतो. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला, बॅटरी नसलेला सौर संच गावठाण फीडर बंद पडला की भर दुपारीसुद्धा थांबतो. ही सुरक्षेची तरतूद आहे. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला एखाद्या घरातून उलटी आलेली वीज लागू नये, म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. वीज नसताना पंखा फिरवायचा तर बॅटरी आणि तिच्यासोबत चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: सरकार त्याला काही देतं का?

घरगुती बॅटरीसाठी केंद्राचं वेगळं अनुदान नाही, राज्याचंही नाही. पैसा आहे तो पॅनेलला. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’साठी केंद्रानं 75,021 कोटी रुपयांची तरतूद केली आणि 2026-27 पर्यंत एक कोटी घरांचं उद्दिष्ट ठेवलं. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000. चौथा, पाचवा किलोवॅट बसवला तरी आकडा तेवढाच राहतो. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी ज्याची क्षमता कमी, तिच्यावर अनुदान मोजलं जातं. बॅटरी या हिशेबात येतच नाही. संचासोबत ती बसवायला आडकाठी नाही, पण तिचे पैसे घरमालकानं द्यायचे. महावितरणचं जाळं टाळून नुसत्या बॅटरीवर चालणारा संच उभा केला, तर पॅनेलचं अनुदानही हातचं जातं.

राज्य सरकारनं 2025 मध्ये यात भर घातली ती ‘स्मार्ट’ योजनेची. स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप हे तिचं पूर्ण नाव. तरतूद 655 कोटींची, लक्ष्य पाच लाख घरांचं, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिन्याला 100 युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या कुटुंबांचं. दोन पंखे, चार दिवे आणि टीव्ही एवढ्यावर भागणारं खेडेगावातलं घर यात सहज बसतं. एक किलोवॅटचा संच साधारण 50,000 रुपयांचा धरला आहे. त्यात केंद्राचे 30,000. राज्याकडून दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 17,500, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 15,000 आणि इतरांना 10,000. पदरचे घालायचे ते अनुक्रमे 2,500, 5,000 आणि 10,000. योजना प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य या तत्त्वावर आहे, त्यामुळे अर्जाला उशीर परवडत नाही. एवढा संच महिन्याला सुमारे 120 युनिट वीज तयार करतो.

पॅनेलवर वाचलेला हा पैसाच बॅटरीच्या कामी येऊ शकतो. त्याशिवाय एक सवलत बिलातच दडलेली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सौर साहित्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आणि लेड-ॲसिड बॅटरीवरचा 28 वरून 18 टक्क्यांवर. लिथियम बॅटरीला आधीपासूनच 18 टक्के होता. कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना, हे पाहून घ्यावं.

शहरात आणखी एक खिडकी उघडी असते. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांपैकी एखादा प्रकल्प चालवणाऱ्याला मिळकतकरात 5 टक्के आणि दोन प्रकल्प असतील तर 10 टक्के सूट देते.

बॅटरीच्या बाबतीत परदेशातलं चित्र वेगळं दिसतं. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2025 पासून घरगुती बॅटरीच्या किमतीत सुमारे 30 टक्के सवलत मिळू लागली. अमेरिकेत बॅटरीवर 30 टक्के करसवलत होती, ती 2025 अखेर संपली. भारतानं मदतीचा हात दिला आहे तो मोठ्या बॅटऱ्यांना. 2023 मध्ये केंद्रानं 4,000 मेगावॅट-तासांच्या प्रकल्पांसाठी खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत साहाय्य मंजूर केलं. दिवसाची सौर वीज संध्याकाळी वापरता यावी, हा त्यामागचा हेतू आहे.

घरापुरतं तेच काम नेट मीटर करतो. दुपारची शिल्लक वीज महावितरणच्या जाळ्यात जमा होते, रात्री घेतलेल्या युनिटांतून वजा होते. वर्षाचा हिशेब 31 मार्चला मिटतो आणि उरलेली युनिटं वीज नियामक आयोगाच्या दरानं विकत घेतली जातात. म्हणजे केवळ बिल कमी करायचं असेल तर बॅटरीची गरज नाही. ती हवी असते वीज गेल्यावरच्या तासांसाठी.

किती मोठी, हे बसल्या बसल्या कागदावर काढता येतं. 75 वॅटचे दोन पंखे, 9 वॅटचे चार दिवे आणि 80 वॅटचा टीव्ही मिळून 266 वॅट. चार तासांना एक युनिटाहून थोडी जास्त वीज. 12 व्होल्ट, 150 एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीत 1.8 युनिट मावतात, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मेच काढावेत. शिवाय वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. लिथियम फॉस्फेट बॅटरी महाग पडते, मात्र तिच्यातली 80 टक्क्यांहून अधिक वीज वापरता येते आणि ती कैक वर्षं जास्त टिकते. अशा छोट्या बॅटरीवर एक एचपीची पाण्याची मोटर चालवायचा विचार मात्र सोडून द्यावा.

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर, वीजबिलावरच्या ग्राहक क्रमांकानं होतो. गावात गाडी अडते ती बहुधा नावावर. मीटर वारलेल्या आजोबांच्या नावानं, घर चुलत्यांत वाटलेलं. म्हणून आधी महावितरणच्या कार्यालयात बिलावरचं नाव बदलून घ्यावं. 2024 च्या नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही. पोर्टलच्या यादीतल्याच ठेकेदाराकडून संच बसवावा. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे असावेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. कर्ज हवं असेल तर तीन किलोवॅटपर्यंत ते विनातारण मिळतं.

ठेकेदाराकडून कोटेशन घेताना पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांचे दर वेगवेगळ्या ओळींत लिहून मागावेत. ‘बॅटरीसकट अनुदान’ असं कुणी म्हणालं, तर त्यातले किती रुपये कशासाठी, हे त्याच कागदावर मांडायला सांगावं. संचाची देखभाल पाच वर्षं करणं ठेकेदाराला बंधनकारक आहे. बॅटरीची वॉरंटी वेगळी असते आणि ती तारखेसह लेखी घ्यावी.