शोक, वेड आणि सूड : ‘विकारविलसिता’चा करवीरास बोध

शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ हे नाटक परक्या देशाचे; परंतु ते मराठीत ज्या तुरुंगात उतरले, त्या तुरुंगाचा रस्ता कोल्हापुराहून गेला होता, ही गोष्ट आमच्या शहरात आज थोड्यांच्याच स्मरणात असेल. १८८१ सालच्या जानेवारीत पुण्यास ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. करवीरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांस वेडे ठरवून त्यांचे हाल केले जात आहेत, असे लेख त्यांत येऊ लागले. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर लेखांची भिस्त होती ती बनावट निघाली, आणि १७ जुलै १८८२ रोजी टिळक व आगरकर यांस प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. तेथेच आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचे काम केले, आणि १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी यांनी हॅम्लेटची भूमिका गाजवून ही शोकांतिका महाराष्ट्राच्या घरोघरी पोहोचविली.

नाटकाचे नावच त्याचा विषय सांगते. विकार माणसाच्या ठायी कसे खेळतात, आणि खेळता खेळता घर व राज्य कसे बुडवितात, हे त्यात दाखविले आहे. बाप मरून दोन महिने झाले नाहीत तोच आई चुलत्याशी लग्न लावते, आणि तोच चुलता भरदरबारी पुतण्यास म्हणतो की, आता शोक पुरे. अनर्थाचे बीज येथे आहे. ज्या दुःखास उघड रडू दिले जात नाही, ते आत जाऊन कुजते. हॅम्लेट वेडाचे सोंग घेतो. त्या सोंगाने सिंहासनास धक्का बसेल म्हणून सारा दरबार त्याच्यावर हेर ठेवतो आणि शेवटी त्यास परदेशी धाडून परस्पर मारविण्याचा घाट घालतो. उलट ओफेलियाचे वेड खरे. तिचा बाप मारला गेला, त्यास घाईने पुरले गेले. तिच्यावर नजर ठेवण्याचा हुकूम सुटतो, पण तिचे दुःख ऐकून घेणारा कोणी निघत नाही. आणि ती पाण्यात बुडून मरते. वेडास भिणारे पुष्कळ, त्याचे कारण विचारणारा एकही नाही, असा हा दरबार आहे.

करवीरची कथा यापेक्षा निराळी होती काय? आठ वर्षांचा मुलगा १८७१ साली दत्तक येऊन गादीवर बसतो. त्याचे शिक्षण, त्याची माणसे, त्याचा दिनक्रम सारे परक्यांच्या हाती. वयात येण्याच्या सुमारास त्यास वेडा म्हणून बाजूस सारले जाते आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले जाते. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. संपादकांची पत्रे खोटी निघाली. पण राजाचे मरण खोटे निघाले नाही. महाराजांच्या मनास खरोखर काही व्याधी होती असे घटकाभर धरून चालले, तरी व्याधिग्रस्तास वैद्य पाहिजे की शिपाई, हा प्रश्न उरतोच. परकी सत्ता त्याचे उत्तर शिपाई असे देते, कारण तिला प्रजेच्या राजाचे आरोग्य नको असते, त्याची गैरहजेरी हवी असते.

पत्रकर्त्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बापाच्या भुताने खुनाची हकीकत सांगितली, तरी हॅम्लेट तेवढ्यावर शस्त्र उपसत नाही. तो दरबारात नाटक करवितो, चुलत्याची मुद्रा न्याहाळतो, आणि मगच खात्री मानतो. लोक त्यास दिरंगाई म्हणतात. आम्ही वकिलीच्या दृष्टीने तीस पुराव्याची चौकशी म्हणतो. करवीर प्रकरणी ही चौकशी अपुरी पडली, आणि सत्पक्षाचे वकीलपत्र खोट्या कागदांनी दुबळे झाले. अन्यायाची चीड जितकी तीव्र, तितका पुरावा अधिक कसून पाहिला पाहिजे.

राजारामपुरीतील आमचे व्यापारी वाचक म्हणतील की, राजेरजवाड्यांच्या या कथेशी आमच्या पेढीचा काय संबंध? संबंध आहे. घरचा कर्ता पुरुष जातो. तेराव्यानंतर मुलाने डोळे पुसून गल्ल्यावर बसावे अशी अपेक्षा असते. विधवा महिनोन् महिने बोलेनाशी झाली, की तिच्या डोक्यावर परिणाम झाला अशी कुजबुज सुरू होते, आणि पुष्कळदा ही कुजबुज करणाऱ्यांचेच हात वाटणीच्या कागदाकडे वळलेले असतात. कोणास वेडे म्हणण्यात कोणाचा लाभ आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. कोणाची राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थिती पाहून, अथवा तो चारचौघांच्या रीतीने वागत नाही एवढ्यावरून, त्यास मनोरुग्ण ठरविता येत नाही. मनोरुग्ण ठरला तरी न्यायालयाने तसे ठरविल्याखेरीज तो विकलबुद्धीचा मानला जात नाही. रुग्णास साखळदंडाने बांधणे तर या कायद्याने सर्वथा वर्ज्य केले आहे. १८८३ साली एका छत्रपतीस जे संरक्षण मिळाले नाही, ते आज हमालासही आहे. मात्र कायदा घराच्या उंबऱ्याच्या आत आपण होऊन शिरत नाही. त्यास आत घेणारा शहाणा आप्त लागतो.

आता सुडाविषयी. बापाच्या खुनाचा सूड घेण्यास निघालेल्या हॅम्लेटच्या मार्गात एकंदर आठ जीव जातात, आणि त्यांत तो स्वतःही असतो. लेअर्टिस हा दुसरा पितृहीन तरुण चौकशीवाचून तलवार उपसतो, म्हणून खऱ्या अपराध्याच्या हातचे बाहुले बनतो. या भाऊबंदकीचा शेवट काय? डेन्मार्कचे राज्य नॉर्वेच्या राजपुत्रास जवळजवळ फुकट मिळते. घरच्यांनी एकमेकांचे गळे कापावे आणि परक्याने येऊन सिंहासनावर बसावे, हा प्रकार हिंदुस्थानच्या इतिहासात किती वेळा घडला, हे वाचकांस सांगावयास नको. बांधावरून वा भिंतीवरून तीन पिढ्या हाडवैर चालविणाऱ्यांनीही हा शेवटचा प्रवेश डोळे उघडून पाहावा.

अन्यायाची भरपाई सुडाने होत नाही, तर कशाने होते? त्याचे उत्तरही या इतिहासातच आहे. आगरकर तुरुंगातून सुटले ते वैर उगवीत बसले नाहीत. त्यांनी शिक्षणास वाहून घेतले आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढून समाजाच्या डोळ्यांत अंजन घातले. आणि चौथ्या शिवाजी महाराजांच्या मागे जी गादी रिकामी झाली, तिच्यावर १८८४ च्या मार्चमध्ये दत्तक आले ते शाहू महाराज. त्यांनी वसतिगृहे उघडली, १९१५ साली सुरू झालेले नाट्यगृह करवीरास दिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले, तेव्हा सारे शहर घरचे माणूस गेल्याप्रमाणे हळहळले. त्या हळहळीस कोणी वेड म्हटले नाही. एवढाच मोकळेपणा आपण शेजारच्या घरातील शोकासही द्यावा, इतकीच आमची विनंती आहे. रडणाऱ्यास वेळ द्यावा, वेड्यास वैद्य द्यावा, आणि अन्याय झालेल्यास न्यायालयाची वाट दाखवावी. ही तीन कामे जो समाज करील, त्यास हॅम्लेट रंगभूमीवरच पाहावयास मिळेल; घरात नव्हे.