न वटविलेली चकती

प्रवासाहून परतणारा मनुष्य सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. कोणी तीर्थाचे पाणी आणतो, कोणी चित्रमय कार्डे, तर कोणी परदेशची नाणी आणि तिकिटे. या परिचित संग्राहकांच्या पंक्तीत आणखी एक संग्राहक येऊन बसला आहे. तो देशोदेशींच्या कॅसिनोंत, म्हणजे परवानाप्राप्त द्यूतगृहांत जातो; परंतु खेळण्यासाठी नव्हे, तर तेथील एक चकती घेऊन बाहेर पडण्यासाठी. अशा संग्राहकांचे एक मंडळ अमेरिकेत १९८८ साली स्थापन झाले. ‘चिप’ या इंग्रजी नावाने ओळखली जाणारी ही चकती दिसते तितकी क्षुल्लक नाही.

चकती म्हणजे नाणे नव्हे. नाण्यामागे राज्यसत्ता उभी असते. चकतीमागे केवळ एक पेढी. खेळाच्या मेजावर नोट ठेवली की तिच्या बदल्यात चकत्या मिळतात आणि उरलेल्या चकत्या रोखपालाच्या खिडकीवर देऊन पैसे परत घेता येतात. इंदूरच्या सराफ्यातील किंवा बडोद्याच्या पेढ्यांवरील जुने व्यवहार ज्यांनी ऐकले असतील, त्यांना येथे दर्शनी हुंडीची आठवण होईल. फरक इतकाच, की हुंडी परगावच्या पेढीवरही वटत असे. चकती मात्र जेथून निघाली तेथेच वटते. नेव्हाडा राज्यात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे. तेथील नियमांप्रमाणे चकती हा द्यूतगृहाने धारकाला देणे असलेल्या रकमेचा पुरावा असून ती वस्तू मालकीने द्यूतगृहाचीच राहते. याचा अर्थ असा, की पाच डॉलरची चकती खिशात घालून घरी जाणारा प्रवासी हा आपले येणे कधीच मागावयास न येणारा सावकार होय. द्यूतगृहे या छंदाकडे कौतुकाने पाहतात आणि विशेष प्रसंगी मोजक्या संख्येने स्मारक चकत्या काढतात, त्याचे एक कारण हेच आहे.

चकती वाचावयाची कशी, हे शिकणे हा या छंदातील खरा आनंद. अमेरिकेत लाल चकती बहुधा पाच डॉलरची, हिरवी पंचवीसची आणि काळी शंभराची असते. मेजावरच्या सामान्य चकतीचा व्यास सुमारे ३९ मिलिमीटर. तिला ‘मातीची’ म्हणत असले तरी ती कुंभाराच्या मातीची नसते. अनेक द्रव्यांचे मिश्रण उष्णतेने व दाबाने साच्यात घट्ट करून ती घडवितात. कडेवरचे रंगीत पट्टे शेजारच्या चकत्यांहून तिचे निराळेपण दाखवितात, मध्यभागी द्यूतगृहाचे नाव व किंमत असते, आणि काठालगतच्या साच्याच्या नक्षीवरून ती कोणत्या कारखान्यात घडली हे ओळखता येते. पॉल्सन या प्रसिद्ध उत्पादकाची खूण टोपी आणि छडी ही आहे. युरोपात मोठ्या रकमांसाठी आयताकृती फलकही वापरतात. फ्रेंच भाषेत चकतीला ‘झतों’ म्हणतात. मध्ययुगात हिशेब मांडण्यासाठी पटावर ज्या सोंगट्या ठेवीत, त्यांचेच हे नाव.

संग्राहकाला सर्वाधिक ओढ असते ती बंद पडलेल्या द्यूतगृहांच्या चकत्यांची. लास व्हेगासमधील ‘सँड्स’ हे विख्यात हॉटेल १९५२ साली उघडले आणि १९९६ साली पाडले गेले. ‘स्टारडस्ट’ २००६ साली बंद होऊन पुढील वर्षी जमीनदोस्त झाले. अशा वेळी जुन्या चकत्या वटवून घेण्यासाठी नियमानुसार जाहीर मुदत द्यावी लागते आणि जमा झालेल्या चकत्या नष्ट केल्या जातात. मुदत टळली की बाहेर राहिलेल्या चकतीची पैशातील किंमत शून्य होते. पण नेमक्या त्याच दिवसापासून ती दुर्मिळ होऊ लागते.

चकती म्हणजे पैसा नव्हे, याचा प्रत्यय एका दरोडेखोरालाही आला. डिसेंबर २०१० मध्ये त्याने लास व्हेगासमधील ‘बेलाजिओ’तून सुमारे पंधरा लक्ष डॉलरच्या चकत्या पळविल्या. द्यूतगृहाने पंचवीस हजार डॉलरच्या आपल्या चकत्या रद्द करून त्या वटविण्यास २२ एप्रिल २०११ ही अखेरची तारीख दिली. लुटीचे मोल खिडकीवर जाण्याचे धैर्य असेल तरच होते. आणि तेच धैर्य चोरापाशी नसते. चकत्या गुपचूप विकण्याच्या प्रयत्नात तो पकडला गेला.

गोमंतकात हा विषय परका नाही. १९७६ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळास वाट मिळाली आणि पुढे मांडवीच्या पात्रात द्यूतनौका उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी गोमंतकीयांच्या मनात असलेली अस्वस्थता सर्वश्रुत आहे.

ती अस्वस्थता संग्राहकानेही ध्यानात ठेवावयास हवी. नोटेऐवजी चकती देण्यात सोय आहे हे खरे. परंतु त्यात एक भूलही आहे. हातातली नोट मोडताना मनुष्य क्षणभर थांबतो. रंगीत चकती पुढे सारताना तो थांबत नाही. पैसा पैसा वाटेनासा होतो. द्यूताचा पहिला डाव लहानच असतो, हे महाभारत ऐकलेल्या माणसाला निराळे सांगावयास नको. म्हणून जाणते संग्राहक आपल्यापुरते नियम घालून घेतात: जाण्यापूर्वीच रक्कम ठरवावी, सर्वांत कमी किमतीची एकच चकती घ्यावी, आणि ती हाती येताच मेजापासून दूर व्हावे. स्वतःवर हा निर्बंध घालणे ज्याला कठीण वाटते, त्याने चकत्या जाणकार विक्रेत्याकडून किंवा अन्य संग्राहकाकडून अदलाबदलीने मिळवाव्यात. तसे केल्याने संग्रहाला उणेपणा येत नाही. हा छंद ज्याला साधला, त्याच्या पेटीत पाचपन्नास गावांच्या चकत्या असतात आणि त्यांतील एकही त्याने डावावर लावलेली नसते.